वाफेवरचं मृत्युपत्र

रविवार, नऊ मार्च. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी जयनगरच्या एका हॉलमध्ये विश्वेश्वरराव माने यांनी आपलं राहतं घर एका धार्मिक पीठाला देऊन टाकलं. त्या वेळी विश्वेश्वररावांना जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते.

हॉलमध्ये खुर्च्या शंभर होत्या आणि बसलेली माणसं ब्याऐंशी. दहा चाळीसला त्यातली निम्मी उभी राहिली. उरलेल्यांपैकी काहींनी हात जोडले, काहींनी मोबाइल वर धरले, आणि बऱ्याच जणांनी दोन्ही एकदम करून पाहिलं. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई हुंदके देऊन रडत होत्या आणि रडता रडता शेजारणीला विचारत होत्या, "काय आलं गं लिहून? मला दिसलंच नाही."

लिहून आले होते दोन शब्द: 'घर पीठास'.

व्यासपीठावर तांब्याच्या घंगाळातून वाफ निघत होती. त्या वाफेवर नरसिंह महाराजांनी एक लॅमिनेट केलेला कागद आडवा धरला होता. कागद कोरा होता, तळाशी फक्त तीन सह्या. वाफ लागली तसं वरचं प्लास्टिक धुरकट झालं, आणि त्या धुरकटपणात बोटाएवढ्या जाड अक्षरांत ते दोन शब्द स्वच्छ उमटले. महाराजांनी कागद चारी दिशांना फिरवला. कॅमेऱ्यांच्या दिशेला तो थोडा जास्त वेळ थांबला.

"सिग्नल मिळाला," महाराज म्हणाले. "सत्तेचाळीस दिवस जीव रेंजमध्ये येत नव्हता. आज आला. भक्तहो, तुमच्या कॉम्प्युटरवर फाइल डिलीट झाली तर ती जाते का? जात नाही. कुठेतरी असते. मग बापाचा शब्द जाईल का?"

पहिल्या रांगेतल्या सुमंत मान्यांनी डोळे पुसले. कॉम्प्युटरचं उदाहरण त्यांच्यासाठीच होतं.

विश्वेश्वरराव, वय एक्क्याऐंशी, एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं आरेखक होते. घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी या कानडी गावात आलेलं. घरातली भाषा मराठी, तिला कानडीची फोडणी. पत्नी वसुमती आधीच गेलेल्या. मुलं दोन. थोरली भार्गवी, पन्नाशीतली. नवरा वारल्यापासून बावीस वर्षं ती वडिलांकडेच राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. तेच तिचं घर आणि तेच तिचं पोट. धाकटा सुमंत एचएसआर लेआउटमध्ये राहतो. एका सॉफ्टवेअर कंपनीत, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणाऱ्या टीमचा तो प्रमुख आहे.

वडील गेल्यावर चौदाव्या दिवशी कपाटात एक पाकीट सापडलं. वर रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'मृत्युपत्र. दोघांनी मिळून वाचावे.' पाकिटाच्या एका कोपऱ्याला कसर लागली होती. सुमंतने आजवर स्वतःची गुणपत्रिका, रेशन कार्ड, लशीचं प्रमाणपत्र आणि वॉशिंग मशीनची वॉरंटी लॅमिनेट करून घेतलेली आहे. तो पाकीट घेऊन तडक झेरॉक्सच्या दुकानात गेला. दोघांनी मिळून वाचायचं असल्यामुळे त्याने कागद पाठमोरा धरला आणि तोंड दुसरीकडे करून दुकानदाराला दिला.

मशीनमधून बाहेर आला तो कोरा कागद. मजकूर गेला होता. वडिलांची आणि दोन साक्षीदारांची सही तेवढी जागेवर होती. साक्षीदार म्हणजे विश्वेश्वररावांचे सकाळच्या फिरण्यातले दोन मित्र. त्यांनी पार्कातल्या बाकावर आपल्या खिशातल्या बॉलपेनने सह्या केल्या होत्या. विश्वेश्वररावांनीही तेच पेन घेऊन सही केली होती. आत काय लिहिलं आहे, ते साक्षीदारांनी वाचलं नव्हतं. कायद्याला तशी गरजही नसते.

सुमंतने बहिणीला खरं काय ते सांगितलं. बायकोला निम्मंच सांगितलं: "कागद कोरा निघाला." मग ऑफिसातल्या कुणीतरी नरसिंह महाराजांचा नंबर दिला.

महाराजांच्या पीठाचं नाव 'पितृलेख पीठ'. काम एकच: गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा वाचून देणं. महाराजांनी कागद दोन रात्री देव्हाऱ्यात ठेवायला मागून घेतला. जे प्रकट होईल ते दोन्ही वारसांनी मान्य करायचं आणि तिथल्या तिथे बक्षीसपत्रावर सह्या करायच्या, असं ठरलं. बक्षीसपत्र आदल्या दिवशीच टाइप झालेलं होतं आणि त्यात पीठाचं नावही होतं. पितरांनी अजून काही कळवलेलं नसताना टाइप करणाऱ्याला ते कसं कळलं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

दहा पंचेचाळीसला झेरॉक्सवाले परसू यांची साक्ष झाली. परसू मूळचे चिकोडीकडचे. महाराजांनी त्यांच्या हातात माइक दिला.

"भिऊ नका. पाहिलं ते सांगा."

"भ्यायचं काय त्यात," परसू म्हणाले. "कागदावर अक्षर होतं. पानभर होतं. मी वाचलो नाही, गिऱ्हाइकं होती. मशिनीत घातलो, गरम गरम भायेर आला, बगतो तर पांढरा."

"पांढरा," महाराज म्हणाले.

"पांढरा."

"पांढरा," मागच्या दोन रांगा म्हणाल्या.

"अशुद्ध हात लागले, शब्द उडाला," महाराजांनी समजावलं. "शुद्ध हात लागले, शब्द बसला. विज्ञान हेच सांगतं."

कुठलं विज्ञान, ते सांगायच्या आत बक्षीसपत्राचं टेबल पुढे आलं. सुमंतने सही करायला पेन उघडलं आणि बहिणीकडे पाहिलं. भार्गवी हाताची घडी घालून बसली होती. बक्षीसपत्रातल्या एका कलमाप्रमाणे घर एक महिन्यात रिकामं करायचं होतं. पंधरा मुलांची दहावी त्याच महिन्यात होती.

"अक्का, सही कर. अप्पांची इच्छा आहे."

"अप्पांची इच्छा?" भार्गवी म्हणाली. "अप्पांनी आयुष्यात फुटपट्टी न लावता एक ओळ लिहिली नाही. वाण्याची यादीसुद्धा. हे बोटाने गिरवलंय."

"तिथे फुटपट्टी कुठून आणतील?"

"चौतीस वर्षं फुटपट्टीशिवाय राहिले नाहीत, सत्तेचाळीस दिवसांत सवय सुटली?"

"ताई," महाराज म्हणाले, "पित्यावर संशय म्हणजे स्वतःच्या रक्तावर संशय."

"ताई नका म्हणू. आमच्यात अक्का म्हणतात. अप्पांशी बोलणं झालं ना तुमचं? त्यांनी सांगितलं नाही?"

हॉलमध्ये एक-दोन जण हसले. नातेवाइकांचं मत एव्हाना बनलं होतं. एक मावशी म्हणाल्या की मेलेल्याचा शब्द मोडू नये. एक काका म्हणाले, सही करून टाक, स्वल्प पुण्य लागेल. त्या काकांचं स्वतःचं घर बनशंकरीला आहे आणि ते त्यांच्या नावावर आहे.

तेवढ्यात मागच्या दाराशी उभ्या असलेल्या कस्तुराबाईंनी हात वर केला. कस्तुराबाई विश्वेश्वररावांकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला होत्या. निपाणीकडच्या. शेवटच्या आजारात भार्गवी शिकवणीला बसली की म्हाताऱ्याच्या उशाशी त्याच बसत.

"म्हाराज, एक इचारू का?"

"विचारा, माई."

"घर पिठाला दिलं म्हंजे कुठल्या पिठाला? रागीच्या का तांदळाच्या?"

हॉल फुटला. महाराजांनी हात वर करून हशा थांबवायचा प्रयत्न केला. त्या हातातल्या कागदावरचे शब्द एव्हाना ओघळू लागले होते.

"माई, हे पीठ म्हणजे अधिष्ठान. दळलेलं पीठ नाही."

"सरी, सरी, कळलं. सायबांना शुगर होती, रागीचं, म्हंजे नाचणीचं, पीठ मीच दळून आणत होते, म्हणून इचारलं. आणि त्यो साबण पुसा की आधी."

"कुठला साबण?"

"पलास्टिकवर हाय त्यो."

महाराजांनी कागद पाठीमागे नेला. त्यांनी तसं केलं नसतं तर कदाचित कुणाचं लक्षही गेलं नसतं.

"सायबांच्या चष्म्याला कापी पिताना वाफ धरायची," कस्तुराबाई चालत चालत पुढे येत होत्या आणि बोलत होत्या. "म्हणून रोज सकाळी काचेला साबण घासायचे आणि कोरडं पुसायचे. साबण लावला तितं वाफ धरत न्हाई. न्हाई लावला तितं धरते. अकरा वर्सं बगितलंय मी. ते साधंच हाय, त्याला पितर कशाला पायजेत?"

व्यासपीठाच्या पायरीवर आणखी एक बाई आधीच पोचल्या होत्या: अश्लेषा माने, सुमंतची पत्नी. माहेर पुण्याचं, नोकरी बोम्मसंद्रातल्या एका लेबलं छापणाऱ्या कारखान्यात, काम गुणवत्ता तपासणीचं. त्यांनी महाराजांच्या पाठीमागून कागद अलगद काढून घेतला.

"एक मिनिट हं, महाराज. फक्त टेस्टिंग."

कस्तुराबाईंनी पदर ओला करून प्लास्टिक पुसलं, मग कोरडं केलं. कागद पुन्हा वाफेवर धरला. सगळं प्लास्टिक सारखं धुरकट झालं. अक्षर एकही नाही.

"पितर रुसले," महाराज म्हणाले.

"थांबा, समजूत काढू," अश्लेषा म्हणाल्या. हात धुवायच्या बेसिनजवळून त्यांनी द्रव साबणाची बाटली मागवली. कस्तुराबाईंनी साबणात बोट बुडवून प्लास्टिकवर काहीतरी लिहिलं, वाळू दिलं, वरून फडकं फिरवलं. काही दिसेना. मग कागद वाफेवर गेला, आणि दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ब्याऐंशी माणसांसमोर स्वच्छ अक्षरं उमटली: 'रागी'.

अठरा मिनिटांत विश्वेश्वररावांचं घर दोन वेगळ्या पिठांना गेलं होतं. मघाशी रडणाऱ्या बाई आता इतक्या हसत होत्या की शेजारीण त्यांना पाणी देत होती.

महाराज मात्र कसलेले. त्यांनी हसणं संपू दिलं आणि मग संथपणे प्रश्न टाकला. "ठीक. वाफ खोटी, साबण खरा. पण लिहिलेला मजकूर गेला कुठे? मी तर तेव्हा तिथे नव्हतो. परसू खोटं बोलतात? दोन साक्षीदारांनी भरलेला कागद पाहिला, ते खोटं बोलतात? सांगा, पानभर शाई कुणी पुसली?"

प्रश्न बरोबर होता. सुमंतने बंद केलेलं पेन पुन्हा उघडलं.

अश्लेषा मात्र परसूंकडे वळल्या होत्या. "दादा, तुम्ही मघाशी काय म्हणालात? गरम गरम बाहेर आला?"

"लॅमिनेशन गरमच येतंय की. हात लावला तर भाजतंय."

"लॅमिनेशन," अश्लेषा म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहिलं. "विल तू लॅमिनेट केलंस? मला वाटलं, प्लास्टिक पीठाने लावलंय. मला म्हणालास कोरा निघाला."

"कोराच निघाला."

"कशातून निघाला, ते नाही सांगितलंस."

"तू ओरडली असतीस."

"आत्ता ओरडत नाहीये, बघ." त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला हाक मारली. "यशश्री, आजोबांना तू तुझं पेन दिलं होतंस का? ते खोडता येणारं?"

"दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं होतं," यशश्री म्हणाली. "म्हणाले, मला असं पेन चौतीस वर्षांपूर्वी हवं होतं. खाडाखोड दिसत नाही. मी दुसरं आणलं."

तिच्या दप्तरात ते दुसरं होतं. अश्लेषांनी कागदी रुमालावर त्या पेनने 'नरसिंह महाराज' असं लिहिलं आणि रुमाल कॉफीच्या वाफाळत्या स्टीलच्या पेल्याला गुंडाळला. दहा सेकंदांनी उलगडला. महाराज गेले होते.

"ही शाई साधी नसते," त्यांनी माइक न घेताच सांगितलं. "साठ-पासष्ट डिग्रीच्या वर गेली की रंगहीन होते. पेनाच्या मागच्या रबराने घासतो ना, तेव्हा शाई निघत नाही. घासण्याने कागद गरम होतो आणि शाई दिसेनाशी होते. लॅमिनेशनचं मशीन तर शंभराच्या वर जातं. सगळं पान एकदम पुसलं गेलं. सह्या बॉलपेनच्या, त्या राहिल्या. आमच्याकडे बाटल्यांची लेबलं येतात, थंड झाली की निळी होतात. त्याच जातीची शाई. म्हणजे मजकूर अजून तिथेच आहे. त्याला थंडी पाहिजे."

"किती थंडी?" भार्गवीने विचारलं. बऱ्याच वेळाने ती पहिल्यांदा उठून उभी राहिली होती.

"उणे वीसच्या आसपास."

मग सगळ्या हॉलने एकाच दिशेला पाहिलं. जेवणाच्या खोलीत आइस्क्रीमचा आडवा फ्रीझर होता.

"पितरांना थंडी सोसत नाही," महाराज म्हणाले.

"जानेवारीतच गेले ते," कस्तुराबाई म्हणाल्या.

फ्रीझर भरलेला होता, म्हणून आधी जागा करावी लागली. अकरा वीसला ब्याऐंशी माणसांनी जेवणाआधी आइस्क्रीम खायला सुरुवात केली. बटरस्कॉच आधी संपलं. विश्वेश्वररावांचे पुतणे अजित यांनी तीन कप घेतले आणि प्रत्येक वेळी, फ्रीझर लवकर रिकामा व्हावा म्हणून घेतोय, असं सांगितलं. फ्रीझरचं बटण शेवटापर्यंत फिरवलं गेलं, कागद दोन स्टीलच्या ताटांच्या मध्ये आत गेला, आणि झाकणाभोवती माणसांचं कडं झालं. दर दोन मिनिटांनी कुणीतरी झाकण उघडायला बघायचं आणि परसू त्याचा हात मारायचे. मावशींनी काचेला कान लावला. मघाशी सही कर म्हणणारे काका आता म्हणत होते की आपल्याला पहिल्यापासूनच संशय होता.

अकरा पन्नासच्या सुमारास नरसिंह महाराज हात धुवायला म्हणून बाहेर गेले. घंगाळ राहिलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी झाकण उघडलं. अश्लेषांनी कागद बाहेर काढला, वरचा बर्फाचा भुगा पुसला. निळी, सरळ, फुटपट्टी लावल्यासारखी अक्षरं परत आली होती. टाळ्या वाजल्या. भार्गवीने कागद हातात घेतला आणि सुमंतला जवळ ओढलं.

"दोघांनी मिळून," ती म्हणाली.

तिने वाचायला सुरुवात केली. "मी, विश्वेश्वरराव माने, शुद्धीवर असताना लिहितो. मी शुद्धीवर आहे की नाही हे डॉक्टरांना विचारू नये, मला विचारावे." हशा. "बँकेतली ठेव दोघांना समान. ड्रॉइंगची पेटी यशश्रीस, आणि तिचे पेन तिला परत द्यावे. शिलाई यंत्र कस्तुराबाईंस, त्यांनी कधी मागितले नाही म्हणून."

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. मघाशी साबण पुसलेला, तोच.

"आणि हे काय," भार्गवी थांबली. ओळींच्या मधल्या जागेत आणखी काही ओळी होत्या, दाटीवाटीने, एकमेकींवर चढलेल्या. तिने डोळे बारीक केले. "अजित फार जेवतो. तेराव्याला त्याला आधी वाढू नये."

अजित यांनी तिसरा कप खाली ठेवला.

"हे त्यांनी खोडलेलं असणार," अश्लेषा घाईने म्हणाल्या. "थंडीने सगळंच परत येतं. ठेवलेलं पण, आणि खोडलेलं पण."

म्हणजे काय, हे हॉलच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर पुढच्या रांगेतले दोघे-तिघे जेवायला निघाले. पण भार्गवी वाचत होती. "सुमंत ज्याचे-त्याचे ऐकतो." सुमंतने हातातलं पेन खिशात घातलं. "भार्गवी कुणाचेच ऐकत नाही." आता सुमंत हसला, आणि मग भार्गवीही. महिनाभरात ती दोघं पहिल्यांदा एकत्र हसत होती.

मग ती घराच्या ओळीपाशी आली. "जयनगरचे राहते घर," तिने वाचलं, आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"कुणाला?" मावशींनी विचारलं.

भार्गवीने कागद सुमंतकडे दिला, सुमंतने अश्लेषांकडे. एकाच जागी, एकावर एक, दोन नावं लिहिलेली होती. 'भार्गवीस' आणि 'सुमंतास'. दोन्ही सारखीच निळी, दोन्ही सारखीच रेखीव. एक नाव विश्वेश्वररावांनी लिहून खोडलं होतं आणि त्यावर दुसरं लिहिलं होतं.

"आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं?" भार्गवीने विचारलं.

"शाईला ते माहीत नाही, अक्का," अश्लेषा म्हणाल्या. त्या कधी नव्हे ते अक्का म्हणाल्या.

सुमंतने दोनदा घसा खाकरला. "घर तुझंच, अक्का. बावीस वर्षं तू होतीस तिथे. मी आत्ता सांगतो सगळ्यांसमोर."

"आत्ता सांगतोस," भार्गवी म्हणाली. "आणि बुधवारी दुसरं कुणी काही सांगेल, ते ऐकशील. अप्पांनी लिहिलंय ना इथे. कागदावर ठरू दे."

तिचा अंदाज एका दिवसाने चुकला. सुमंतने गुरुवारी वकील केला. बनशंकरीच्या काकांनी सुचवलेला.

नोंद करण्यासारख्या बाकी गोष्टी थोड्या आहेत. वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे मृत्युपत्रातली घराची ओळ वाचता आली नाही, तर त्या घरापुरतं मृत्युपत्र नसल्यासारखंच आहे आणि घर निम्मं-निम्मं होईल. निम्मं घर भार्गवीला विकत घेणं जमणार नाही, म्हणजे ते विकावं लागेल. नंतर लिहिलेलं नाव तिचं निघालं तर ती राहील. सुमंतचं निघालं तर काय, हे दोघांपैकी कुणी अजून बोललेलं नाही. शाईच्या तज्ज्ञांचं म्हणणं असं की खोडताना घासलेल्या जागी कागदाचे तंतू दबतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येईल. पण कागदावर प्लास्टिक आहे. प्लास्टिक सोडवायला उष्णता द्यावी लागते. उष्णता दिली की दोन्ही नावं जातात. थंडी दिली की दोन्ही येतात. दावा दाखल झाला तेव्हा दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून एकच अर्ज दिला: पाकिटावर लाखेचा गरम शिक्का मारू नये. या प्रकरणात दोघांचं एकमत झालेली आजवरची ती एकमेव गोष्ट.

यातून घ्यायचं ते साधं आहे. मृत्युपत्र टाइप करून घ्यावं किंवा साध्या बॉलपेनने लिहावं, चूक झाली तर सरळ काट मारून शेजारी सही करावी, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, नोंदणी करून ठेवावी आणि त्याची एक झेरॉक्स काढावी. लॅमिनेट करू नये. काट दिसली म्हणून म्हाताऱ्याची अब्रू जात नाही. न दिसलेल्या काटेने मात्र मुलीचं घर टांगणीला लागतं. आणि कुणी मेलेल्या माणसाच्या वतीने बोलायला लागलं, तर त्याला जिवंत माणसाइतकेच प्रश्न विचारावेत: तू हे कुठे वाचलंस, कागद तुझ्याकडे किती वेळ होता, दस्त आधीच कसा टाइप झाला. मेलेला माणूस उठून हरकत घेऊ शकत नाही. ती आपण घ्यायची असते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; चष्म्याला साबण का लावतात, एवढं लक्षात ठेवलेली एक बाई पुरते.

भार्गवीने महाराजांविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला आहे. महाराजांचा फोन बंद आहे. घंगाळ न्यायला कुणी आलेलं नाही. मे महिन्यात दुसऱ्या एका गावात वाटलेलं एक पत्रक मात्र हाती आलं आहे. पीठाचं नाव नवीन, फोटो तोच. 'हिमलेख दर्शन', त्यात म्हटलं आहे, 'पितरांची पुसलेली इच्छा शीतल पद्धतीने प्रकट केली जाईल. कागद दोन रात्री आधी आणून द्यावा.'

भार्गवीची दहावीची मुलं पास झाली. जूनमध्ये पुढची तुकडी त्याच पुढच्या खोलीत बसली, या वेळी सतरा जण. शनिवारी सुमंत येतो, कॉफी पितो. दोघं कोर्टाचा विषय काढत नाहीत. कागद तपासणीसाठी गेला आहे. जाताना तो बर्फाच्या डब्यातून गेला, पाकिटाला चिकटपट्टी लावलेली होती, आणि त्यावर भार्गवीने फुटपट्टी लावून लिहिलं होतं, 'उन्हात ठेवू नये'. पुढची तारीख एकवीस ऑगस्ट. अहवाल अजून आलेला नाही.